उजव्या अंगाचा बोल्ट

‘पावणं, जरा लांब बसा,’ आण्णा माझ्या सासऱ्यांना म्हणाले. ‘इंजिन टांगलेलं असताना देवानंबी खाली हुबं ऱ्हाऊ न्हाई.’

मामंजींनी खुर्ची वीतभर मागं घेतली. तेवढ्यानं काही होणार नव्हतं, पण आण्णांनी पुन्हा सांगितलं नाही. व्याह्याला एकदा सांगितलं हेच फार झालं.

इंजिन कप्पीच्या साखळीला लटकत होतं. खाली मामंजींची बदामी रंगाची अॅम्बॅसिडर, बॉनेट उतरवलेली, इंजिनाची वाट बघत उभी. आमच्या तासगावच्या घराच्या मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरलं की आण्णांचं गॅरेज. त्या दारात मी लग्नातला शालू नेसून, हातभर हिरव्या बांगड्या घालून शोभेची बाहुली होऊन उभी होते. लग्नानंतरचा पहिला अधिक महिना. लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायण, त्यांना धोंड्याचं जेवण, पाय धुवायचे, वाण द्यायचं. आईनं पहाटेपासून पुरण घातलं होतं. जावयाबरोबर व्याही-विहीणही यायचे म्हणून ओसरीवर सतरंज्या, उदबत्त्या, सगळा थाट. आणि त्याच दिवशी गाडीही द्यायची, असा आण्णांचा हट्ट.

गाडीची गोष्ट अशी की मामंजींनी निवृत्त झाल्यावर कुणा साहेबाची जुनी अॅम्बॅसिडर घेतली होती. खंबाटकीचा घाट चढताना पाणी उकळून काटा पार वर गेला. मामंजी पाटबंधारे खात्यातले, पाण्याचं त्यांना काय सांगायचं! त्यांना वाटलं, काटाच बिघडलाय. घाटमाथ्यावर इंजिन जाम झालं ते झालंच. आण्णांना कळल्यावर ते म्हणाले, ‘गाडी हिकडं आणून टाका. दुसरं इंजिन मी बघतो. धोंडं खाऊन तुमी तुमच्याच गाडीतनं साताऱ्याला जायाचं.’ कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक इंजिन आणलं, स्वतः खोललं, स्वतः भरलं. महिनाभर दुसरं काम घेतलं नाही. पोरीच्या सासरची गाडी होती.

आता ते इंजिन जागेवर बसवायचं राहिलं होतं आणि हाताखाली माणूस नव्हता. सिद्रामचा चुलता वारला म्हणून तो आदल्या दिवशी जतला गेला होता. सिद्राम म्हणजे आण्णांचा जुना मदतनीस. मनानं सोनं, अंगानं रेडा. दोन माणसांचं ओझं एकटा उचलायचा, पण पाना हातात दिला की बोल्टाचं डोकं तरी मोडायचा नाही तर आटे तरी घालवायचा. बोल्ट दिसला की आवळायचा, एवढंच त्याला कळायचं. आण्णा म्हणायचे, ‘सिद्राम, तू फकस्त उचल बाबा. बाकीचं मी आन् वैजी बघतो.’

वैजी म्हणजे मी. वैजयंता.

मी एकुलती एक. चौथीत असताना एका जीपमध्ये आण्णांच्या हातातून नट निसटून अडकला, त्यांचा पंजा काही आत जाईना. मी शेजारी गजगे खेळत होते. मी हात घातला आणि काढून दिला. तेव्हापासून जिथं त्यांचा हात जाणार नाही तिथं माझा जायचा. शाळा सुटली की दप्तर टाकून मी गॅरेजात. आई ओरडून ओरडून थकली. इंजिन खाली ज्या रबरांवर बसतं त्याला आमच्याकडं फाउंडेशन म्हणतात. डाव्या अंगाला एक, उजव्याला एक. त्याचे बोल्ट लावायचं काम माझं. आण्णांची एक रीत होती. सगळे बोल्ट आधी बोटानं लावायचे, दोन-दोन आटे धरतील इतकेच. मग कप्पी ढिली सोडायची, इंजिनाचा भार रबरांवर येऊ द्यायचा, गाडी थोडी हलवायची. पाना शेवटी. ‘इंजिन आपून बसवायचं नसतं,’ ते म्हणायचे, ‘त्ये आपसूक बसतंय. आपून नुसती जागा दाखवायची. एक बाजू आदी आवळलीस की दुसरी रुसली म्हनून समज.’

हे सगळं साताऱ्यात कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ द्यायचं नव्हतं.

बघायला आले तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझा हात हातात घेऊन उलटा केला. आईनं पंधरा दिवस लिंबू आणि डाळीचं पीठ चोळून तो घासला होता. तरी अंगठ्याच्या नखात एक काळी रेघ राहिलीच होती.

‘हे कशाचं?’

‘चुलीचं,’ आई घाईनं म्हणाली.

आत्याबाईंनी आईकडं बघितलंही नाही. आण्णांना विचारलं, ‘मिस्त्री, मुलगी गॅरेजात जाते का? खरं सांगा. आम्ही ऐरण-भाता सोडून एक पिढी झाली. लोहार नाव बदलून वाळवेकर लावलं. मुलगा बँकेत आहे. परत ते लोखंड घरात नको मला.’

‘जोतिबाच्यान सांगतो, इनबाई,’ आण्णा म्हणाले आणि गळ्याला चिमूट लावली. ‘माझ्या पोरीनं पाना हातात धरलेला न्हाई.’

मला हसू आवरेना. आदल्या दिवशीच मी एका टेम्पोचा गिअरबॉक्स उतरवायला त्यांच्याबरोबर गाडीखाली होते. मान खाली घालून मी ओठ चावला. आत्याबाईंना वाटलं, मुलगी लाजाळू आहे. लग्नात थोडंफार खोटं चालतंच, कुणाचं वय कमी होतं, कुणाची शेती वाढते. आमच्या घरात पाना लपला, एवढंच. लग्न ठरलं.

तर मी दारात उभी. आत्याबाई माझ्या शेजारी, नाकाला रुमाल. हे, म्हणजे शशिकांत, नवी सफारी घालून मोरीच्या कट्ट्याशी. आण्णांनी एकट्यानं साखळी ओढून इंजिन आत उतरवलं, मागं गिअरबॉक्सला जोडलं. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. एरवी काम करताना ते गुणगुणायचे. त्या दिवशी तोंड घट्ट मिटलेलं. दर दोन मिनिटांनी मामंजींकडं बघायचे. पाहुण्याला चहा मिळाला का, ऊन लागतंय का.

‘अजून किती वेळ, व्याही?’ मामंजींनी विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं, पुरणाचा वास येत होता इतकंच.

‘झालंच की! ह्ये एक अंग तर बसलं बगा,’ आण्णा म्हणाले, आणि दाखवायचं म्हणून डावीकडचा बोल्ट पान्यानं गच्च आवळून टाकला.

ज्या माणसानं मला आधी बोट मग पाना शिकवलं तोच माणूस. घाबरलेला माणूस आपलीच रीत विसरतो. उजव्या बाजूला व्हायचं तेच झालं. भोक बोटभर सरकलेलं. आण्णांनी वाकून बघितलं, मग पहार घेतली, इंजिनाखाली अडकवून अंगाचा भार टाकला आणि दुसरा हात बोल्टासकट त्या फटीत घातला. फट म्हणजे काय, वर इंजिनाचं लोखंड, खाली गाडीची चासी. मध्ये आण्णांची बोटं.

पहार एकदा सटकली. आण्णांनी हात ओढून घेतला, पुन्हा घातला.

हे पुढं झाले. ‘मामा, मी धरू का पहार?’

‘शशी!’ आत्याबाई म्हणाल्या. ‘आजच्या दिवशी जावयानं लोखंडाला हात लावायचा का?’

‘न्हाई न्हाई, जावईबापू, तुमी ऱ्हावा बाजूला,’ आण्णाही म्हणाले. ‘तुमी आज देव. ह्ये काय, झालंच.’

पहार पुन्हा हलली. पहारेचं टोक जिथं टेकलं होतं तिथं तेल होतं. मला दारातून दिसत होतं, आण्णांना दिसत नव्हतं. ते सटकलं असतं तर त्यांची बोटं राहिली नसती. मिस्त्रीची बोटं गेली की मिस्त्रीचं काय राहतं?

मी विचार केला, असं म्हणणार नाही. बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, पदर कमरेला खोचला आणि पायऱ्या उतरले.

‘आण्णा, हात काढा भाईर,’ मी म्हणाले. साताऱ्यात जाऊन मी ‘बाहेर’ म्हणायला शिकले होते; ते त्या क्षणी कुठं गेलं कुणास ठाऊक. ‘पहार बी काढा. डावा ढिला करा आदी.’

आण्णा माझ्याकडं बघतच राहिले. मग दाराकडं. मग पुन्हा माझ्याकडं.

‘काढा की! तेल हाय तिथं, सटाकतीय.’

त्यांनी पहार काढली. मी मडगार्डवर पोट टेकून आत वाकले. शालूची जर पत्र्याला खरखरली. मागून आत्याबाईंचा ‘अगं!’ ऐकू आला, तो मी ऐकला नाही असं केलं.

‘कप्पी एक कडी वर… बास. डावा सुटला? आता पुढनं दाबा जरा.’

‘मी दाबू का?’ मामंजी खुर्चीतून उठून उभेच राहिले होते.

‘दाबा मामंजी, पण अलगद.’

भोकात बोट घालून बघितलं. अर्धं बोट मोकळं, अर्ध्यावर लोखंड. थोडं पुढं. थोडं खाली. मग लोखंड बोटावरून सरकलं आणि बोट सरळ आरपार गेलं. हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्यातलं सुख माहीत. बोल्ट घातला, दोन आटे बोटानं फिरवले, लोण्यात गेल्यासारखा गेला. मग डावा, तोही बोटानं. कप्पी सोडायला सांगितली. इंजिन जरासं डुललं आणि आपसूक बसलं. मामंजींना गाडी हलवायला लावली. त्यांना भारी मजा येत होती. मग मी न बघता हात मागं केला, आणि आण्णांनी त्यात पाना ठेवला. कुठला पाना ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

लग्न होऊन साताऱ्याला गेल्यापासून मी इतकी खूश कधीच झाले नव्हते. मी सरळ झाले, कपाळावरचा घाम मनगटानं पुसला, तर कुंकवाबरोबर ग्रीसही लागलं असणार. मी दात काढून हसत होते.

‘डावा आदी कुणी आवळला वो?’ मी आण्णांना म्हणाले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘सिद्राम तरी बरा की!’

मामंजी खो खो हसले. हेही हसले. मग ते हसू कुठं तरी थांबलं, कारण आत्याबाई पायऱ्या उतरून खाली आल्या होत्या. नाकावरचा रुमाल काढून त्यांनी हातात घेतला होता. माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही.

‘मिस्त्री,’ त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. ‘तुम्ही जोतिबाची शपथ घेतली होती.’

आण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. ती काळी पडलेली कामाची टोपी हातात धरून ते उभे राहिले. आयुष्यात मी त्यांना कुणासमोर टोपी काढताना बघितलं नव्हतं. ते वाकायला लागले. मला वाटलं, ते टोपी आत्याबाईंच्या पायावर ठेवणार. माझ्या फुशारकीपायी. मी काय मोठी कामगिरी केली म्हणून दात काढत उभी होते, आणि माझा बाप माझ्यासमोर विहिणीच्या पायाशी वाकत होता. लाजेनं माझे कान गरम झाले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात ना, ते मला तेव्हा कळलं.

‘आण्णांना काही माहीत नव्हतं, आत्याबाई,’ मी म्हणाले.

आण्णा वाकलेले थांबले.

‘त्यांची शपथ खरी आहे. त्यांनी मला कधी गॅरेजात पाऊल टाकू दिलं नाही. ते दुपारी जेवून आडवे झाले की मी गुपचूप यायचे. मला सिद्रामनं शिकवलं. सगळं सिद्रामनंच शिकवलं.’

बोलता बोलता मला वाटत होतं, काय सुचलं मला, किती पटकन सुचलं! शपथ वाचली, टोपी वाचली. ‘बाहेर’ म्हणणारी भाषाही परत आली होती.

आत्याबाईंनी आण्णांना विचारलं, ‘असं आहे का?’

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी तेव्हा चुकीची वाचली. मला वाटलं, पोरीनं इज्जत राखली असं त्यांना म्हणायचंय.

‘व्हय,’ ते म्हणाले. ‘सिद्रामनं शिकीवलं असंल.’

‘मग प्रश्नच मिटला!’ मामंजी टाळी वाजवून म्हणाले. ‘शपथ काही खोटी ठरली नाही. आणि आपली गाडी तर झाली. चला, पुरण गार होतंय.’

गाडी सुरू करून बघितली. एका किल्लीत लागली, इतकी गुळगुळीत की मामंजींनी दोनदा विचारलं, ‘चालू आहे ना?’ मी रॉकेलनं हात धुतले, वरून साबण लावला, वरून उटणं. मग आम्हाला पाटावर बसवलं. आईनं ताम्हन धरलं आणि आण्णांनी आमचे पाय धुतले. आधी जावयाचे, मग माझे. माझ्या पायावर पाणी घालताना त्यांनी वर बघितलं नाही. मी म्हणाले, ‘आण्णा, पुरे.’ ते पाणी घालतच राहिले. धोंड्यांचं वाण दिलं, वर दिवा लावला, नमस्कार केला. रीत म्हणून केला, पण मला तो नमस्कार नको झाला होता. चार घरच्या माणसांतच मला इतकं लाजल्यासारखं का होतंय हे मला कळेना. मी स्वतःची समजूत घातली, शालूला डाग पडला म्हणून असेल.

त्यानंतर मी माहेरी आले की आण्णा गॅरेज बंद ठेवायचे.

पहिल्यांदा वाटलं, पोरगी आलीय म्हणून सुट्टी घेतली असेल. दिवाळीला गेले, दार बंद. बाळंतपणाला दोन महिने राहिले, दोन महिने कुलूप. गिऱ्हाइकं दारावरून परत जायची. ‘मिस्त्री आजारी हाईत का?’ विचारायची. आण्णा धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसून असायचे, नातवाला मांडीवर घेऊन. मी साताऱ्याला परतले की दुसऱ्या दिवशी कुलूप उघडायचं, असं आई सांगायची. आईनं विचारलं तर म्हणायचे, ‘लेकीसमोर कशाला काळं अंग.’

मी मनात हिशोब मांडला होता: मी त्यांची शपथ उघडी पाडली, विहिणीसमोर वाकायला लावलं, त्याची त्यांना लाज वाटतेय. आणि त्यांना लाज वाटतेय म्हणून मला वाटायची. म्हणून मी कधी विचारलं नाही. विचारून जखमेवरची खपली कशाला काढा? अशी आपली पळवाट असते, आणि वर तिला मी समजूतदारपणा म्हणत होते.

गंमत म्हणजे साताऱ्यात ह्या गोष्टीचं काहीच राहिलं नाही. दोन-तीन वर्षांत आत्याबाई मला मिक्सर, पंखा, शिलाई मशीन सगळं उघडायला देऊ लागल्या. शेजारच्या मालतीकाकूंना सांगायच्या, ‘आमच्या सुनेनं शालू नेसून गाडीचं इंजिन बसवलं, माहितेय?’ एकदा मी त्यांच्या समोर बसून मिक्सरचा कपलर बदलत होते तेव्हा त्या सहज म्हणाल्या, ‘तो सिद्राम-बिद्राम सोड. तू मागं हात केलास आणि बापानं पाना दिला, ते मी बघत होते. न कळायला मी काय आंधळी होते? पण माणूस टोपी काढून उभा राहिल्यावर किती ताणायचं.’

मी हसले. त्याही हसल्या. ही गोष्ट तासगावला जाऊन सांगावी असं मला सुचलं नाही. खरं तर सुचलं होतं. पण तो विषय काढायला तोंड होत नव्हतं.

आत्याबाई गेल्या, मामंजी गेले, आई गेली. गाडी केव्हाच भंगारात गेली. आण्णांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी गॅरेज कायमचं बंद केलं, अवजारं सिद्रामच्या मुलाला देऊन टाकली. मी दर महिन्याला त्यांना बघायला जायचे. स्वतः गाडी चालवत जायचे. एकदा असंच संक्रांतीच्या सुमाराला आम्ही दोघं मागच्या पायरीवर उन्हाला बसलो होतो. समोर रिकामं गॅरेज, कप्पी टांगायचा लोखंडी आडवा दांडा तेवढा राहिलेला. मी ज्वारीच्या हुरड्याचे दाणे चोळून त्यांच्या हातावर ठेवत होते. आता काय कुणाची भीती नव्हती. मी विचारलं.

‘आण्णा, मी आले की गॅरेज बंद का ठेवायचात तुम्ही?’

ते दाणे चघळत राहिले. दात नव्हते, वेळ लागायचा.

‘उघडं ठेवलं असतं तर तू आत आली असतीस.’

‘मग? आले असते तर?’

‘आन् एखादं गिऱ्हाईक हुबं असतं. त्येनं बगितलं असतं, पोरगी काय हात चालीवतीया. त्येनं इचारलं असतं, कुटं शिकलीस गं?’ आण्णा माझ्याकडं वळले. ‘तू काय सांगनार हुतीस?’

माझ्या हातातलं कणीस तसंच राहिलं.

‘सिद्राम,’ ते म्हणाले. ‘आगं, दुसरं कुनाचंबी नाव घेतलं असतंस. त्या नाक्यावरच्या भैरूचं घेतलं असतंस, बरा मिस्त्री हुता. सिद्रामला बोटानं बोल्ट लावता आला न्हाई मरूस्तवर. त्येचं नाव घेतलंस.’

ते हसले. खरंच हसले, खोकला येईपर्यंत. मला मात्र त्या क्षणी तिथून उठून जावंसं वाटलं. इतकी वर्षं मी समजत होते, शपथेची लाज. शपथेचं त्यांना काही पडलंच नव्हतं. चौथीपासून ज्या माणसानं माझं एक-एक बोट धरून शिकवलं, त्याच्या तोंडावर मी म्हणाले होते की त्यानं मला काही शिकवलं नाही. आणि त्याच्याकडून ‘व्हय’ म्हणवून घेतलं होतं.

‘तुमची शपथ राखायला म्हणाले मी, आण्णा.’

‘ठाव हाय मला. म्हनून तर व्हय म्हनलो.’ त्यांनी हातावरची टरफलं फुंकली. ‘पर शपथ माजी हुती. मोडू द्यायाची हुतीस. जोतिबाचं मी बगून घेतलं असतं.’

‘आत्याबाईंचा तर विश्वासच बसला नव्हता,’ मी घाईनं म्हणाले. ‘त्यांनी बघितलं होतं, तुम्ही पाना दिलात ते. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, मला कुणी शिकवलं.’

‘कवा सांगितलं त्येंनी तुला?’

किती वर्षांपूर्वी ते सांगायची लाज वाटली.

आण्णांनी पुन्हा विचारलं नाही. हात पुढं केला, मी त्यावर दाणे ठेवले. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याचं एक सिलिंडर मारत नव्हतं, आवाज तुटत होता. दोघांनीही मान वळवून ऐकलं.

‘मला तुम्ही शिकवलंत, आण्णा,’ मी म्हणाले. ‘सगळं तुम्हीच शिकवलंत.’

‘व्हय,’ आण्णा म्हणाले. ‘पर आता हितं ऐकायला आपून दोगंच हाय.’